जाळ नाही, तरी जोड

वेल्डिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळी काच, डोळे दिपवणारा निळा-पांढरा प्रकाश आणि रस्त्यापर्यंत उडणाऱ्या ठिणग्या येतात. आमच्या मोहल्ल्यात तर हे चित्र रोजचं आहे. गॅरेज, रेडिएटर, डेंटिंग-पेंटिंग, गॅस वेल्डिंग, मोटार वायरिंग ही कामं आमच्याकडे बापाकडून मुलाकडे आलेली आहेत. शाळेतून गळालेली मुलं शोधायची असतील तर मी याच दुकानांत जातो, आणि बहुतेक वेळा ती तिथेच सापडतात.

पण या लेखात ज्या वेल्डिंगबद्दल लिहायचं आहे, त्यात जाळ नाही, ठिणगी नाही, सळई नाही. धातू वितळतसुद्धा नाही. तरीही तांब्याच्या तारा एका सेकंदाच्या आत अशा जुळतात की ओढल्या तरी जोड सुटत नाही. याला अल्ट्रासॉनिक मेटल वेल्डिंग म्हणतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड. केलं तेही भाषा घेऊनच. यंत्रांशी माझा संबंध घरातल्या मिक्सरपलीकडे गेलेला नाही. तरी हे यंत्र मला समजून घ्यावं लागलं, कारण माझ्या एका माजी विद्यार्थिनीची नोकरी त्यावर अडकली होती.

ही मुलगी बारावी झाली आणि चाकणच्या बाजूला मोटारींचे हार्नेस बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या तारांचा जुडगा. दिवे, हॉर्न, काचा, सेन्सर, सगळ्यांना वीज याच जुडग्यातून जाते. एका मोटारीतल्या तारांची एकूण लांबी किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. एका तारेतून तीन-चार फाटे काढायचे असतील तर तारांची टोकं सोलून एकत्र जोडावी लागतात. तो जोड लावण्याच्या यंत्रावर ती बसायची. सहा महिने ट्रेनिंग, मग कंपनी ठरवणार, ठेवायचं की नाही.

पाचव्या महिन्यात तिच्या पाळीतले बरेच जोड ओढून बघण्याच्या चाचणीत सुटले. तपासणीच्या कागदावर ‘कारण’ या रकान्यात कुणीतरी ‘ऑपरेटर’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. तीन दिवसांनी मीटिंग होती. तिला सांगितलं गेलं, तुला काय वाटतं ते तिथे सांग. रविवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. यंत्राचं पुस्तक इंग्रजीत, शिकवणारा हिंदीत बोलला, आणि तिने सगळं शिक्षण घेतलेलं उर्दूतून. ती म्हणाली, “सर, मला बटणं दाबता येतात. पण आत काय होतं ते माहीत नाही. मग माझी चूक नाही हे सांगू कसं?”

त्या पुस्तकाची पानं तिने मोबाईलवर काढून आणली होती. आम्ही दोन संध्याकाळी बसलो. दर भागाला दोनच प्रश्न विचारायचे असं ठरवलं: हा काय करतो, आणि हा बिघडला तर काय दिसेल?

पहिला भाग जनरेटर. नाव ऐकून डिझेलचा जनरेटर आठवतो, पण हा एक इलेक्ट्रॉनिक पेटारा आहे. भिंतीतल्या बोर्डातून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. जनरेटर ती आधी एकाच दिशेची करतो आणि मग तिला फार वेगाने चालू-बंद करत सेकंदाला २० हजार वेळा मागेपुढे व्हायला लावतो. काही यंत्रं ४० हजारांवरही चालतात. माणसाचा कान साधारण २० ते २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, त्यापलीकडचा तो अल्ट्रासॉनिक.

जनरेटरचं आणखी एक काम आहे आणि तेच जास्त नाजूक आहे. झोका देताना आपण मनाला येईल तेव्हा ढकलत नाही. झोका मागे येऊन थांबला की त्याच क्षणी हलकासा धक्का देतो, आणि थोड्याशा जोरावर झोका उंच जातो. मराठीत याला अनुनाद म्हणतात. प्रत्येक धातूच्या तुकड्याची अशी स्वतःची लय असते. यंत्र तापलं की ती लय किंचित बदलते. जनरेटर ती सतत ओळखतो आणि आपला ताल तिच्याशी जुळवून घेतो. ताल अजिबातच जुळेना, तर तो थांबतो आणि पडद्यावर इशारा देतो. मी विचारलं, इशारा आला होता का? नाही. तिने वहीत जनरेटरपुढे फुली मारली.

दुसरा भाग ट्रान्सड्यूसर, काही जण त्याला कन्व्हर्टर म्हणतात. विजेची थरथर इथे धातूची थरथर होते. हे समजायला आम्ही स्वयंपाकघरातून गॅसचा लायटर आणला. त्याचा खटका दाबला की आतली छोटी हातोडी एका सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते आणि त्यातून ठिणगीपुरती वीज निघते. दाब दिला की वीज. हा गुण १८८० साली फ्रान्समध्ये पिएर आणि जाक क्युरी या दोन भावांनी स्फटिकांमध्ये शोधला. याच्या उलटही घडायला हवं, म्हणजे वीज दिली की स्फटिकाने आकार बदलायला हवा, असं १८८१ मध्ये लिपमान यांनी गणिताने मांडलं आणि क्युरी बंधूंनी ते प्रयोगाने दाखवलं. पुढे पहिल्या महायुद्धात पिएर क्युरींचेच विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी पोलादी चकत्यांच्या मध्ये स्फटिक बसवून पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायचं साधन तयार केलं. आजच्या वेल्डिंग यंत्रातला ट्रान्सड्यूसर त्याच घराण्यातला आहे.

त्याची रचना सँडविचसारखी असते. सिरॅमिकच्या गोल चकत्या, त्यांच्यामध्ये वीज पोचवणारे पत्रे, मागेपुढे धातूचे ठोकळे, आणि या सगळ्यांना आरपार आवळणारा एक बोल्ट. इतकं घट्ट का आवळायचं, हे तिने विचारलं. सिरॅमिक दाब सोसतं, ताण सोसत नाही. आपली चिनी मातीची बशी वरून दाबली तर टिकते, वाकवली तर तुटते. चकत्या आकुंचन-प्रसरण पावताना कधीच ताणाखाली येऊ नयेत म्हणून त्यांना आधीच आवळून ठेवतात. चकतीला तडा गेला तर जनरेटरला ते लगेच कळतं, कारण लय बिघडते. इशारा नव्हता. दुसरी फुली.

तिसरा भाग बूस्टर. ट्रान्सड्यूसरच्या टोकाची हालचाल काही मायक्रॉनच असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करावा. ही हालचाल वाढवायचं काम बूस्टर करतो. त्याला वेगळी वीज लागत नाही, तो नुसता धातूचा दांडा आहे, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक. जाड टोकातून आलेली लहर बारीक टोकाकडे जाते तेव्हा हलवायला धातू कमी उरतो, म्हणून तो जास्त हलतो. चाबकाची मूठ थोडी हलते आणि टोक सपकन फिरतं, काहीसं तसंच.

मग या हलणाऱ्या वस्तूला यंत्रात पकडायचं कुठे, हा प्रश्न उरतो. जिथे पकडू तिथे थरथर मरेल, किंवा पकडच खिळखिळी होईल. याचं उत्तर आम्हाला भागाकारातून मिळालं. धातूतून आवाज सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर जातो. त्याला २० हजारांनी भागलं की २५ सेंटीमीटर, ही एका लहरीची लांबी. प्रत्येक भाग हिच्या निम्मा, म्हणजे साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास करतात. अशा दांड्याची दोन्ही टोकं जोरात हलतात आणि मधली एक जागा जवळजवळ स्थिर राहते. बूस्टरला त्या स्थिर जागी कडं असतं आणि तिथेच त्याला धरतात. शाळेत ती गणिताला घाबरायची. हा भागाकार मात्र तिने दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा हसली. बूस्टरचा सांधा सैल झाला तर तो तापतो आणि कर्कश ओरडतो. ती कानात बोळे घालून काम करते, पण तसा आवाज बोळ्यांतूनही कळला असता. तिसरी फुली.

चौथा भाग हॉर्न. याला सोनोट्रोडही म्हणतात. हाच तारांना शिवतो. हा कडक पोलादाचा असतो आणि त्याच्या तोंडावर कानशीसारखे बारीक दाते असतात, म्हणजे वरची तार घसरत नाही, हॉर्नबरोबर हलते. प्लॅस्टिक जोडणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात हॉर्न वरून खाली ठोकतो. धातूच्या यंत्रात तो पृष्ठभागाला समांतर, आडवा घासतो. हा फरक मोठा आहे आणि पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

पाचवा भाग अ‍ॅन्व्हिल, म्हणजे आपली लोहाराची ऐरण. हिच्यावरही दाते असतात. खालच्या तारांना ती घट्ट धरून ठेवते, स्वतः हलत नाही. वरची तार हलते, खालची थांबते, म्हणून मध्ये घर्षण होतं. दोन्ही एकत्र हलल्या तर काहीच घडणार नाही. तारांच्या यंत्रात बाजूनेही दोन भिंती सरकतात आणि मोकळ्या तारांची नीट चळत करतात. दाते झिजले की तारा घसरतात आणि जोड कच्चा राहतो. पण हॉर्न आणि ऐरण, दोन्हींचे दाते त्याच आठवड्यात बदलले होते आणि ते तिने स्वतः पाहिले होते.

सहावा भाग प्रेस. हवेच्या दाबावर चालणारा सिलिंडर तारांना हॉर्न आणि ऐरणीच्या मध्ये दाबतो. दाब कमी पडला तर घासणं वरवरचं राहतं, जास्त झाला तर तारा चिरडतात. तिने दर तासाला दाबाचा आकडा लिहिला होता. तो हललेला नव्हता.

आणि सगळ्यात शेवटी नियंत्रक. किती ऊर्जा द्यायची, किती वेळ, किती दाब, आणि जोड दबून किती उंचीचा झाला, हे सगळं तो मोजतो. ठरलेल्या हद्दीबाहेर काही गेलं की लाल दिवा लावतो. लाल दिवा लागला नव्हता.

म्हणजे वहीत सगळ्या फुल्याच झाल्या. यंत्र ठीक, मग उरलं कोण? ऑपरेटर. ती गप्प बसली. मलाही पुढे सुचेना.

तिचे अब्बा तिला न्यायला आले होते, मगरिबनंतर. त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी त्यांना भाई म्हणतो. तीस वर्षं पितळ-तांब्याच्या रेडिएटरला डाग देत आलेत. आता गाड्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर आले, बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. ते दुरुस्त होत नाहीत, बदलतात. भाईंकडे आता जुने ट्रक आणि ट्रॅक्टर तेवढे येतात. मुलीचा पगार घरात लागतो, हे ते बोलत नाहीत, पण मोहल्ल्याला माहीत आहे. नोकरीला पाठवलं तेव्हा नातेवाइकांची बोलणी त्यांनीच झेलली. या जोडावर मात्र त्यांचा मुळापासून विश्वास नव्हता. ते म्हणाले, “आग नई, कथील नई, फिर जोड कैसा?”

तिने त्यांना सांगायला सुरुवात केली. मी मुद्दाम मध्ये बोललो नाही. ती म्हणाली, “अब्बा, तांबं चकचकीत दिसलं तरी त्याच्यावर हवेमुळे एक बारीक थर असतो. तो मध्ये असतो म्हणून दोन तारा नुसत्या दाबून चिकटत नाहीत. हे मशीन त्या तारा एकमेकींवर घासतं. घासून थर फुटतो, बाजूला सरतो. मग आतलं कोरं तांबं कोऱ्या तांब्याला लागतं आणि वरून दाब असतोच. तेव्हा ते एकमेकांना पकडतं. थोडं गरम होतं, पण वितळत नाही.” तांबं वितळायला १०८५ अंश लागतात. इथे तापमान त्याच्या बरंच खाली राहतं आणि काम अर्ध्या-पाऊण सेकंदात संपतं.

भाईंनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, हे तर आमचंच काम झालं. आम्हीसुद्धा आधी ब्रश मारतो, तेजाब लावतो, नवसागर टाकतो, मगच कथील पकडतं. साफ केल्याशिवाय डाग बसतच नाही, नुसता गोळा होऊन पडतो. तुझं मशीन साफ करायचं काम घासून करतं, एवढंच. आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो आम्हा दोघांच्या वहीत नव्हता: “तार साफ होती का?”

आम्ही दोन संध्याकाळी यंत्राचा एकेक भाग तपासला होता. यंत्रात जे घालतात, त्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

तिला आठवलं. त्या दिवशी नवीन रीळ लागलं होतं. तार सोलल्यावर बोटांना किंचित तेलकट लागत होती. तांब्याची तार कारखान्यात ओढून बारीक करतात तेव्हा तेलकट वंगण वापरतात, आणि ते नीट धुतलं गेलं नाही तर तारेवर राहतं. मग तिला पडद्यावरची आणखी एक गोष्ट आठवली. त्या पाळीत प्रत्येक जोडाला नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ लागत होता. लाल दिव्याची हद्द सैल ठेवलेली होती, म्हणून दिवा लागला नाही. हे का झालं असेल, ते आता तिचं तिलाच जुळवता आलं. तेलामुळे तारा घासण्याऐवजी घसरत होत्या. घर्षण कमी, म्हणून यंत्र दर क्षणाला कमी ताकद ओढत होतं, आणि ठरलेली ऊर्जा पूर्ण व्हायला जास्त वेळ घेत होतं. ऊर्जेचा आकडा भरत होता, जोड मात्र भरत नव्हता.

मीटिंगमध्ये ती हिंदीतच बोलली. तिने दोन गोष्टी सांगितल्या: रीळ बदललं त्या वेळेपासूनचे जोड पाहा, आणि तेव्हापासूनचा वेल्डचा वेळ पाहा. यंत्रात नोंदी होत्याच. तिथल्या इंजिनियरने त्याच यंत्रावर, तेच आकडे ठेवून, जुन्या रिळाची तार जोडून पाहिली. जोड टिकले. नव्या रिळाचे सुटले. नवी तार स्पिरिटने पुसून जोडली, ते टिकले. कागदावरचं ‘ऑपरेटर’ खोडलं की नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. पण रीळ परत गेलं आणि ती यंत्रावरच राहिली. सहा महिने झाल्यावर तिला ठेवून घेतलं.

ही हकिगत मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा एकाने लगेच म्हटलं, वा, स्वतः न वितळता एक होणं, काय सुंदर उपमा आहे, यावर भाषण करा. आपल्याला अशा उपमांची सवय आहे आणि मीही भाषेचाच माणूस आहे. पण मला या प्रकरणात उपमेपेक्षा दुसरं काही महत्त्वाचं वाटतं.

त्या मुलीला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. तेलकट तार तिच्याच बोटांना लागली होती. वेळ वाढल्याचं तिच्याच डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आत काय घडतं हे माहीत नसेल, तर बोटांना लागलेलं कारण म्हणून ओळखू येत नाही. ते नुसतं तेल राहतं. आपली हजारो मुलं-मुली आज कारखान्यांमध्ये यंत्रांसमोर उभी आहेत. त्यांना बटणं शिकवली जातात, कारणं शिकवली जात नाहीत. आणि चूक कुणाची हे ठरवायची वेळ येते, तेव्हा ज्याला कारण सांगता येत नाही त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लागतं.

भाषेचाही प्रश्न आहे, पण आपण समजतो तसा नाही. पुण्याची बालभारती विज्ञानाची पुस्तकं मराठीत काढते तशी उर्दूतही काढते. मराठीतलं कंपन उर्दूत इर्तिआश होतं, ही शिकवण आमच्या मुलांना आठवीपर्यंत मिळालेली असते. दहावीनंतर हा धागा तुटतो. पुढे पुस्तक इंग्रजीत, सूचना हिंदीत, आणि शाळेत शिकलेलं इर्तिआश समोरच्या यंत्रात थरथरतं आहे हे कुणी सांगत नाही. मी इंग्रजीच्या विरोधात नाही. ट्रान्सड्यूसरला ट्रान्सड्यूसरच म्हणावं, नवा शब्द घडवत बसू नये. फक्त तो काय करतो, हे आपल्या भाषेत सांगणारं कुणीतरी हवं.

आणि भाईंसारख्या माणसांचं काय? चौथी शिकलेले. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यांचा धंदा संपत चालला आहे, आणि तरी सगळ्यांना चुकलेला प्रश्न त्यांनीच विचारला. तो प्रश्न तीस वर्षांच्या तेजाबातून आणि धुरातून आला होता. आपण मुलांना सांगतो, शिका, नाहीतर बापासारखं दुकानात बसावं लागेल. मीही वर्गात असं बोलणारे शिक्षक रोज ऐकतो. त्याऐवजी मुलांना एकदा दुकानात पाठवून विचारायला लावावं, अब्बा, आधी तेजाब का लावता? विज्ञानाचा एक धडा तिथेच होऊन जाईल.

त्या वहीवरून आम्ही एक दोन पानी कागद तयार केला आहे. यंत्राचे सात भाग, प्रत्येकाचं काम आणि बिघडला तर दिसणारी खूण, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. नवीन मुली आल्या की ती तो त्यांना देते. तिच्या आग्रहावरून त्यात आठवी ओळ घातली आहे. ती कुठल्याच पुस्तकात भाग म्हणून छापलेली नाही: तार. काम: जोडली जाणे. तपासणी: सोलल्यावर बोटाने.